चौदा खाटांच्या दहा कशा झाल्या

आमच्या दवाखान्याच्या नोंदणीची मुदत ३१ मार्च २०२२ ला संपत होती. शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ चा. त्याखालचं प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. ‘शुश्रूषागृह’ हा शब्द फक्त त्या प्रमाणपत्रावर दिसतो. गावात सगळे ‘बाळंतपणाचा दवाखाना’ असंच म्हणतात. बालाघाटच्या डोंगररांगेतलं तालुक्याचं गाव, १९९६ साली बांधलेली तळमजला आणि वर एक मजला अशी इमारत, आणि चौदा खाटा. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, माझे यजमान बालरोगतज्ज्ञ. भूलतज्ज्ञ शेजारच्या तालुक्यातून येतात, फोन केल्यापासून पाऊण तासात.

२०१९ साली हेच नूतनीकरण तीन आठवड्यांत झालं होतं. अर्ज, दोघांची वैद्यकीय परिषदेची नोंदणी, सिस्टरांची यादी, जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीचा करारनामा, घरपट्टीची पावती, सगळ्याचे झेरॉक्स, आणि झालं. या वेळी दहा महिने लागले. त्या दहा महिन्यांत मी जे पाहिलं ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण आमच्यासारखे छोटे दवाखाने चालवणारे बरेच जण आज याच वाटेवर कुठे ना कुठे अडकलेले आहेत.

मधल्या काळात काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. सतरा बाळं होती. सात वाचली, दहा गेली. त्या सकाळी हे चहा न घेता वर गेले आणि आमच्या दोन्ही वॉर्मरच्या, म्हणजे नवजात बाळांना ऊब देणाऱ्या यंत्रांच्या, पिना, वायरी, सॉकेट हाताने चाचपून आले. एक सॉकेट गरम लागलं. दोन्ही वॉर्मर आणि एक सक्शन मशीन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चालत होतं. किती वर्षं, ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही. आम्ही काही निष्काळजी माणसं नाही. पण बाळ निळं पडत असताना जवळचा बोर्ड ओढला जातो आणि मग तो तिथेच राहतो.

भंडाऱ्यानंतर सगळ्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी करायचे आदेश निघाले. त्यात कोविडची दुसरी लाट आली, एप्रिलमध्ये विरारच्या अतिदक्षता विभागातली आग झाली, आणि ऑक्टोबरमध्ये मी नूतनीकरणाची फाईल उघडली तेव्हा यादीत अग्निशमनाचं ना-हरकत प्रमाणपत्र ठळक अक्षरांत होतं. त्याशिवाय फाईल पुढे सरकणार नव्हती.

अग्निसुरक्षेचा आपला राज्याचा कायदा २००६ चा. त्यात सोय अशी आहे की परवानाधारक एजन्सी यंत्रणा बसवते, ती बसवल्याचा दाखला देते, आणि नंतर दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी भरून द्यायचा. म्हणजे वर्षातून दोनदा कुणीतरी येऊन पंप चालवून बघावा, नळीला दाब आहे का बघावा. कायदा लिहिणाऱ्याने चांगलं लिहिलंय. आमच्याकडे एका एजन्सीचा माणूस आला. त्याने मोजमापं घेतली आणि साडेनऊ लाखांचं कोटेशन दिलं: गच्चीवर वेगळी पाण्याची टाकी, पंप, प्रत्येक मजल्यावर होज रील, धुराचे सेन्सर, अलार्म, अंधारात चमकणाऱ्या पाट्या. मी कोटेशन हातात घेऊन गप्प बसले तेव्हा त्याने आवाज खाली आणला. “मॅडम, एवढं टेन्शन घेऊ नका. सिलिंडर नवे टांगू, पाट्या लावू, फॉर्म मी देतो. बाकीचं तुम्ही हळूहळू करा. सगळे असंच करतात.”

त्याने सांगितलेला आकडा साडेनऊ लाखांच्या पंधराव्या हिश्श्याएवढासुद्धा नव्हता. मी त्याला दिवाळीनंतर या म्हटलं. नाही म्हटलं नाही, हे मी स्वतःपासून लपवत नाही. कोविडची दोन वर्षं आमचीही ओढाताणीत गेली होती. चेक द्यायचा हे माझ्या मनात जवळजवळ ठरलं होतं.

६ नोव्हेंबरला भाऊबीज होती. भाऊ पाटावर बसलेला, मी ताट घेऊन उभी, आणि भाच्याने मोबाईल पुढे केला. अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली होती. अकरा जण गेले. तेही भर दिवसा. मी ओवाळलं, जेवायला वाढलं, आणि दुपारी दवाखान्यात येऊन त्या एजन्सीच्या माणसाला फोन करून सांगितलं की त्याचा कागद मला नको.

दुसरी एजन्सी शोधली. पण त्याआधी ह्यांनी एक गोष्ट सुचवली, आणि या सगळ्या प्रकरणात तीच सगळ्यांत मोलाची ठरली. ते म्हणाले, “यंत्रणा येईल तेव्हा येईल. आज रात्री वर धूर झाला तर आपली माणसं काय करतील, ते तरी बघू.”

डिसेंबरमधल्या एका मंगळवारी रात्री दीड वाजता आम्ही ते करून पाहिलं. त्या दिवशी खाली नॉर्मल बाळंतपणाच्या दोनच बायका होत्या, त्यांना आणि नातेवाइकांना आधी सांगून ठेवलं होतं. वरच्या खाटांवर दिवसपाळीच्या मुली आणि त्यांच्या बहिणी, जावा अशा सातजणींना झोपवलं. दोघींना सांगितलं, तुमचं संध्याकाळी सिझर झालंय, स्पायनलचा असर आहे, कमरेखाली काही हलवायचं नाही. एकीच्या पिशवीच्या ऑपरेशनचा पहिला दिवस. बाकीच्या ओल्या बाळंतिणी, चालू शकणाऱ्या पण टाके दुखणाऱ्या. चार बाळं होती, म्हणजे दुपट्यात गुंडाळलेल्या छोट्या उशा. त्यातली दोन आईजवळ, दोन वॉर्मरवर. रात्रपाळीला आमच्याकडे नेहमी असतात तेवढीच चार माणसं: एक जीएनएम सिस्टर (नर्सिंगचा पूर्ण अभ्यासक्रम केलेली), एक एएनएम (सहायक परिचारिका), एक मावशी, एक वॉर्डबॉय. कधी सुरू करणार ते त्यांना सांगितलं नव्हतं. मी जिन्याखाली घड्याळ घेऊन उभी राहिले आणि ह्यांनी वरून आवाज दिला.

पहिली दोन मिनिटं मेन स्विच शोधण्यात गेली. तो ह्यांच्या केबिनमध्ये होता आणि केबिनला कुलूप होतं. ऑक्सिजनच्या मोठ्या सिलिंडरची चावी सिलिंडरला अडकवलेली हवी, ती मिळाली औषधांच्या ड्रॉवरमध्ये. आग विझवायच्या सिलिंडरची पिन ओढायची असते हे एएनएमला माहीत होतं, पण आयुष्यात कधी ओढली नव्हती. चालू शकणाऱ्या बायका सिस्टरने धरून खाली आणल्या. मग स्ट्रेचर. आमच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर तिरकं धरून उचलावं लागतं आणि त्याला चार माणसं लागतात. म्हणजे एका सिझरच्या बाईसाठी आख्ख्या दवाखान्यातली माणसं एका स्ट्रेचरला लागली, आणि तेवढा वेळ वर कुणीच नव्हतं. दुसरीला आणायला पुन्हा चौघं वर. शेवटची बाई खाली आली तेव्हा सतरा मिनिटं झाली होती.

सगळे धापा टाकत अंगणात उभे होते. मी डोकी मोजली. बायका सात. उशा तीन.

चौथी उशी वॉर्मरवरच होती. सिस्टरला वाटलं मावशींनी घेतली, मावशींना वाटलं सिस्टरनी. सिस्टर वर जाऊन ती उशी घेऊन आली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून रडायला लागली. सव्वीस वर्षांची मुलगी, कामाला वाघ. तिला कुणी एक शब्द बोललं नाही. मी तिच्या शेजारी बसले. मलाही काही बोलता येत नव्हतं.

त्या रात्री आम्ही कुणी झोपलो नाही. चहा झाला आणि बोलणं सुरू झालं. वळणावर स्ट्रेचर अडकतं त्याचं काय करायचं, यावर मी आणि हे स्ट्रेचरच्या वेगवेगळ्या प्रकारांबद्दल बोलत होतो. घडीचं स्ट्रेचर मिळतं, खुर्चीसारखं मिळतं. आमच्या मावशी वीस वर्षं दवाखान्यात आहेत, माहेर डोंगरातल्या वस्तीवरचं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “बाई, आमच्या वस्तीवरून बाळंतीण कशी आणत्यात? झोळीत. दोन माणसं पुरत्यात.”

आणि त्यांनी तिथल्या तिथे गोधडीची झोळी बांधून दाखवली. चारही कोपरे कसे वळवायचे, गाठ कुठे घ्यायची, बाईचं डोकं कुणीकडे. ह्यांना आत झोपवलं आणि वॉर्डबॉय आणि एएनएमने त्यांना जिन्यावरून खाली आणलं. वळणावर झोळी आपोआप वळते, कारण ती ताठ नसते. माझ्या पंचवीस वर्षांच्या शिक्षणात आणि प्रॅक्टिसमध्ये हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते माझ्याच दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या बाईला लहानपणापासून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही जाड कॅनव्हासच्या चार झोळ्या शिवून घेतल्या, शिवलेल्या कडांसकट, आणि वर प्रत्येक खोलीत खाटेखाली एक अशी ठेवली. बाळांचंही ठरवलं: वॉर्मरवरचं बाळ कुणी घ्यायचं ते प्रत्येक पाळी सुरू होताना नाव घेऊन सांगायचं. “आज दोन्ही बाळं माझी,” असं एएनएम मोठ्याने म्हणते आणि सिस्टर ते वहीत लिहिते.

आठवड्याने पुन्हा केलं, नऊ मिनिटं लागली. पुढच्या महिन्यात सात. त्याखाली ते येईना. कारण उघड होतं. वर न चालू शकणाऱ्या तीन बायका असल्या की चार माणसांना दोन फेऱ्या पडतातच. तीनऐवजी दोन असल्या तर एकच फेरी आणि चार मिनिटं. म्हणजे आमच्या दवाखान्यात किती खाटा असाव्यात हा प्रश्न खरं तर असा होता: रात्री दोन वाजता हजर असलेल्या माणसांना वरून किती बायका एका दमात खाली आणता येतील? मी नूतनीकरणाचे सगळे नमुने काढून पुन्हा वाचले. खाटांची संख्या विचारली होती. खोलीचं क्षेत्रफळ, संडास-बाथरूम, सिस्टरांची संख्या, सिलिंडरची संख्या विचारली होती. रात्री किती माणसं असतात आणि त्यांच्या जबाबदारीवर न चालू शकणारे किती रुग्ण असतात, हे एकाही रकान्यात नव्हतं.

इकडे फाईलचं आपलं चाललं होतं. नव्या एजन्सीने इमारतीचा मंजूर नकाशा मागितला, आणि तिथे आमची स्वतःची जुनी चूक बाहेर आली. १९९६ च्या नकाशात तळमजला प्रसूतिगृह आणि वरचा मजला निवासी आहे. पहिली नऊ वर्षं आम्ही वरच राहत होतो. नंतर घर बांधलं, वर ऑपरेशन थिएटर आणि खोल्या केल्या, आणि वापर बदलल्याची परवानगी घ्यायची असते हे डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं तपासणीला येणाऱ्या कुणी नकाशा मागितला नाही, म्हणून आम्हीही सुखात होतो. आता अग्निशमनवाल्यांना मंजूर नकाशा हवा होता, आणि वापर बदलून द्यायचा तर बांधकाम विभागाला आधी अग्निशमनाचं ना-हरकत हवं होतं. हा फेरा जवळजवळ चार महिने चालला. मी दर गुरुवारी ओपीडी बंद ठेवून फाईल घेऊन जात असे. तिथली माणसं वाईट नव्हती. एका टेबलावरच्या कारकुनाने तर स्वतः कपाटं उपसून आमचा मूळ नकाशा शोधून दिला. पण प्रत्येकाच्या हातात एकच कागद होता आणि त्यावर दुसऱ्याच्या सहीची जागा होती. शेवटी अट घालून तात्पुरती परवानगी देता येते, हे एका तरुण अभियंत्याने नियमात दाखवलं आणि गाठ सुटली.

त्याच अभियंत्याने जिना मोजला. पाच फूट, म्हणजे दीड मीटर. “मॅडम, दहा खाटांपर्यंत दीड मीटर चालतो. दहाच्या वर गेलात की दोन मीटर लागतो.” दोन मीटरचा जिना करायचा तर पुढची भिंत पाडावी लागली असती. तो बिचारा ही अडचण म्हणून सांगत होता. मला मात्र ते ऐकून धक्का बसला नाही. त्या रात्रीच्या हिशेबाने आम्हीही तिथेच पोचलो होतो. घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, चार खाटा काढू. ते म्हणाले, काढू. पाच मिनिटंही बोलणं झालं नाही. झोप मात्र त्या रात्रीही लागली नाही, कारण चार खाटा म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे. एप्रिलमध्ये साखर कारखाने बंद होऊन ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे परतल्या की आमच्या चौदाच्या चौदा खाटा भरलेल्या असायच्या.

खोल्यांची फेरमांडणी ठरवली ती अशी: वर थिएटरच्या शेजारी फक्त तीन खाटा, ज्यांचं सिझर किंवा ऑपरेशन त्याच दिवशी झालंय त्यांच्यासाठी, आणि ठरवून करायची सिझर अशी लावायची की पायात बधिरपणा असलेल्या एका वेळी दोघींपेक्षा जास्त नसतील. बाकी सगळ्या खाली, वॉर्मरसुद्धा खाली, प्रसूतिकक्षाला लागून. त्यासाठी खाली एक मोठी खोली हवी होती आणि ती होती सोनोग्राफीची. सोनोग्राफीचं मशीन मात्र असं उचलून दुसऱ्या खोलीत ठेवता येत नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात ते कुठे आहे याची नोंद असते, आणि जागा बदलायची तर तीस दिवस आधी कळवावं लागतं. या कायद्याबद्दल डॉक्टर मंडळी कुरकुरतात, मी कुरकुरत नाही. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. या भागात प्रॅक्टिस करणाऱ्या बाईला त्या आकड्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. मी पत्र दिलं, पाहणी झाली, नवी नोंद यायला दोन महिने लागले, आणि तोपर्यंत वॉर्मर वरच राहिले. एक कायदा म्हणतो बाळं सुरक्षित जागी हलवा, दुसरा म्हणतो मशीन हलवू नका, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. फक्त या दोन कार्यालयांनी एकमेकांशी बोलायची सोय कुठे नाही. ते बोलणं दर गुरुवारी माझ्या पिशवीतून व्हायचं.

मध्येच ३१ मार्च उलटून गेला. आमचा अर्ज मुदतीत होता, त्याची पोच माझ्याकडे होती, म्हणून दवाखाना बंद करावा लागला नाही. पण विमा कंपन्यांना पोच चालत नाही. कॅशलेस बंद झालं. शिक्षक आणि बँकेतल्या लोकांच्या घरच्या बायका दुसरीकडे जायला लागल्या. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

लिहायचंय ते सिस्टरांबद्दल. प्रत्येक पाळीला नोंदणीकृत परिचारिका हवी, हे योग्यच आहे. ती रात्र पाहिल्यावर मी त्यावर वाद घालूच शकत नाही. पण आमच्याकडे सिस्टर टिकत नाहीत. जीएनएमची तीन वर्षं करून मुलगी येते, दोन वर्षांत हाताला सफाई येते, आणि मग ती पुण्याला जाते. मी बरीच वर्षं म्हणत आले की मुलींना आता गावात राहायला नको असतं. फाईलसाठी पगारपत्रकं काढली आणि ते म्हणणं माझ्याच घशाशी आलं. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सांगितलंय की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिन्याला निदान वीस हजार मिळाले पाहिजेत. मी सोळा देत होते. उशी विसरली म्हणून जिन्यावर बसून रडणाऱ्या मुलीला मी सोळा हजार देत होते. एप्रिलपासून वीस केले आणि रात्रीला पाचवा माणूस ठेवला.

हे पैसे कुठून आले? आमच्या खिशातून काही, कर्जातून काही, आणि बाकीचे बायकांच्या बिलातून. सिझरचं बिल तीन हजारांनी वाढलं. कुणाला वाटत असेल की सुरक्षिततेचा खर्च दवाखाना करतो, तर तसं नाही. आमच्याकडे येणाऱ्या घरात तीन हजार म्हणजे ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत आणखी भर. छोट्या दवाखान्यांना टाकी आणि पंपासाठी कमी व्याजाचं कर्ज मिळालं असतं, तर ही वाढ तरी मी टाळली असती. नियम सरकारने केलाय, तो पाळायला मदत करणंही त्याच्याच हातात आहे.

वायरिंग सगळं नवं केलं. वीज मंडळाकडून भार वाढवून घेतला, कारण मंजूर भारापेक्षा आमचा वापर कधीच पुढे गेला होता. त्या कामाला लागलेले पैसे मी एकदाही मनात मोजले नाहीत. इलेक्ट्रिशियनने थिएटरच्या एसीमागची जुनी वायर काढून माझ्या हातात दिली. तिचं वरचं आवरण बिस्किटासारखं तुटत होतं. ती वायर मी फेकली नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

प्रमाणपत्र ऑगस्टमध्ये आलं. मुदत ३१ मार्च २०२५, खाटा १०. त्याच आठवड्यात मी कार्यालयाला एक पानाचं पत्र लिहिलं: नमुन्यात रात्रपाळीच्या माणसांचा आणि न चालू शकणाऱ्या रुग्णांचा रकाना टाका, आणि तपासणीला दिवसा येता तसं एकदा रात्रीही या. कुणाला पकडायला म्हणून नव्हे. आमच्या मावशींनी झोळी बांधलेली बघायला या.

जूनमधली एक गोष्ट राहिली. त्या साली ऊस संपता संपत नव्हता, आमच्या भागातल्या टोळ्या जून उजाडला तरी तोडणीवर होत्या. मग सगळ्या एकदम परतल्या. बारा जूनच्या रात्री आमच्या दहाही खाटा भरल्या होत्या आणि साडेअकराला एक पहिलटकरीण आली. एकोणीस वर्षांची, फडावरून दोन दिवसांपूर्वी घरी आलेली, हिमोग्लोबिन सात, कळा नुकत्या सुरू झालेल्या. पूर्वी मी तिला डोळे झाकून घेतलं असतं, व्हरांड्यात खाट टाकली असती. रक्त लागलं तर ते बार्शीहूनच आणावं लागणार होतं. तपासलं. वेळ होता, बाळाचे ठोके चांगले होते. मी १०८ ला फोन केला आणि बार्शीच्या डॉक्टरांशी स्वतः बोलले.

तिची सासू जिन्याजवळ उभी होती. वर मान करून तिने बघितलं. वरच्या सात खाटांच्या खोल्या रिकाम्या, दारं उघडी, गाद्या गुंडाळून ठेवलेल्या.

“बाई, वरल्या खोल्या तर मोकळ्या हायेत की,” ती म्हणाली.

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. आग, धूर, जिना, रात्रीची माणसं. ती ऐकत होती, पण तिची नजर त्या गाद्यांवरून हलत नव्हती. मधेच मावशी आल्या आणि तिला बाजूला घेऊन बाकावर बसवलं, पाणी दिलं, त्यांच्या बोलीत काहीतरी समजावलं. गाडी यायला पस्तीस मिनिटं लागली. एएनएमला सोबत पाठवलं.

पहाटे पाचला एएनएमचा फोन आला. मुलगी झाली, दोन किलो दोनशे, आईला रक्ताची एक पिशवी चढतेय. मी फोन ठेवला आणि वर गेले. रात्री सिझर झालेल्या दोघी झोपल्या होत्या. एकीचे पाय आता हलत होते. सिस्टरने वहीत तशी नोंद केली होती, आणि शेजारी बाळांपुढे आपलं नाव लिहिलं होतं.